दुखापतींनी घडवलेला संघ : मुंबई इंडियन्सचा २०१५ चा हंगाम

१७ एप्रिल २०१५ च्या रात्री वानखेडे स्टेडियमवर चेन्नई सुपर किंग्जने १८४ धावांचे लक्ष्य १६.४ षटकांत, म्हणजे तब्बल वीस चेंडू राखून पार केले आणि मुंबई इंडियन्सचा त्या आयपीएल हंगामातला सलग चौथा पराभव झाला. चार सामने, शून्य गुण आणि आठ संघांच्या तक्त्यात तळाची जागा, अशी त्या वेळची स्थिती होती. सामना संपण्यापूर्वीच उठून चर्चगेट आणि मरीन लाइन्सकडे चालू लागलेल्या प्रेक्षकांना कोणी सांगितले असते की सदतीस दिवसांनी हाच संघ याच चेन्नईला हरवून करंडक उचलणार आहे, तर त्यावर कोणाचाही विश्वास बसला नसता. २४ मे रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मुंबईने चेन्नईला ४१ धावांनी हरवले आणि नेमके हेच घडले.

या कायापालटाची गोष्ट मुंबईत आजही सांगितली जाते, ती बहुधा जिद्दीची गोष्ट म्हणून. संघ खचला नाही, पेटून उठला आणि जिंकला, असे तिचे रूप असते. जिद्द होती यात शंका नाही. पण तळाशी असलेल्या प्रत्येक संघात ती असते आणि त्यांतले बहुतेक संघ तळाशीच राहतात. म्हणून या प्रकरणाकडे थोडे जवळून, धावफलक समोर ठेवून पाहणे मला महत्त्वाचे वाटते. तसे पाहिले की एक वेगळीच गोष्ट समोर येते : त्या संघातल्या ज्या दोन गोष्टी सर्वांत भक्कम दिसत होत्या, त्याच हलवल्या गेल्या, आणि त्यांतली एक तर कोणाच्याही निर्णयाने नव्हे, मोडलेल्या बोटामुळे हलली.

पहिले चार सामने

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील विश्वचषक २९ मार्चला संपला आणि ८ एप्रिलला आयपीएल सुरू झाली. वेगवेगळ्या देशांच्या संघांतून आलेल्या खेळाडूंना एकत्र सराव करायला जेमतेम दहा दिवस मिळाले, हे खरे आहे. परंतु ही अडचण सर्वच संघांची होती. मुंबईच्या बाबतीत त्यात भर अशी पडली की लिलावात घेतलेला ऑस्ट्रेलियन वेगवान गोलंदाज जोश हेझलवूड याने हंगामापूर्वीच माघार घेतली.

पहिल्या सामन्यात ईडन गार्डन्सवर रोहित शर्माने सलामीला येऊन नाबाद ९८ धावा केल्या. न्यूझीलंडचा अष्टपैलू कोरी अँडरसन नाबाद ५५ राहिला आणि संघाने ३ बाद १६८ धावा उभारल्या. कोलकाता नाइट रायडर्सने त्या सात गडी आणि नऊ चेंडू राखून ओलांडल्या. दुसऱ्या सामन्यात वानखेडेवर पंजाबच्या १७७ धावांचा पाठलाग करताना वरची फळी कोसळली आणि हरभजन सिंगने २४ चेंडूंत ६४ धावा फटकावूनही संघ १८ धावांनी कमी पडला. अहमदाबादला राजस्थानविरुद्ध कायरन पोलार्डच्या ७० आणि अँडरसनच्या ५० धावांमुळे १६४ पर्यंत मजल गेली; स्टीव्ह स्मिथने नाबाद ७९ धावा करून तो सामनाही हिरावून घेतला. चौथ्या सामन्यात चेन्नईविरुद्ध पोलार्डने ३० चेंडूंत ६४ आणि रोहितने ५० धावा केल्या, एकूण १८३ झाल्या, आणि त्या कशा पार झाल्या हे वर आलेच आहे.

हे आकडे एकत्र ठेवले की त्या पंधरवड्यातील चर्चेत फारसे न आलेले दुखणे दिसू लागते. टीका होत होती ती फलंदाजीच्या संथ सुरुवातीवर, आणि ती रास्तही होती. परंतु चारपैकी तीन सामन्यांत मुंबईने प्रथम फलंदाजी करून १६८, १६४ आणि १८३ अशा धावा केल्या होत्या आणि त्यांतली एकही धावसंख्या गोलंदाजांना राखता आली नव्हती. लसिथ मलिंगासारखा गोलंदाज संघात असताना असे का व्हावे, याचे उत्तर मलिंगापाशी नसून त्याच्या समोरच्या टोकाला होते. वीस षटकांच्या सामन्यात एक गोलंदाज चारच षटके टाकू शकतो. उरलेल्या सोळा षटकांत प्रतिस्पर्ध्याला रोखणारा दुसरा हुकमी वेगवान गोलंदाज नसेल, तर फलंदाज मलिंगाची षटके सांभाळून खेळतात आणि बाकीच्यांवर तुटून पडतात.

परदेशी खेळाडूंच्या चार जागा

आयपीएलमध्ये अकरा जणांत जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू खेळवता येतात आणि या नियमाचा संघबांधणीवर जेवढा परिणाम होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा होत असेल. हंगामाच्या आरंभी मुंबईच्या या चार जागा आरोन फिंच, अँडरसन, पोलार्ड आणि मलिंगा यांच्या होत्या. म्हणजे एक सलामीवीर, दोन फलंदाजी करणारे अष्टपैलू आणि एक गोलंदाज. कागदावर ही मांडणी निर्दोष दिसते, कारण अष्टपैलू खेळाडू एकाच जागेत दोन कामे करतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अँडरसन हा संघातला प्रमुख फलंदाज आणि कामचलाऊ गोलंदाज ठरत होता आणि त्याच्यामुळे दुसऱ्या अस्सल वेगवान गोलंदाजाला जागा उरत नव्हती.

तरीही त्याला वगळणे कोणाला शक्य होते का? त्याने पहिल्या तीन सामन्यांत दोन अर्धशतके केली होती. हरणाऱ्या संघात जो खेळाडू धावा करतो आहे त्याला बाहेर बसवा असे सुचवणाऱ्या निवडकर्त्याला मुंबईच्या कोणत्याही मैदानावर, मग ते आझाद मैदान असो वा शिवाजी पार्क, तोंड लपवून फिरावे लागले असते. आरोन फिंचचे प्रकरण वेगळे होते. तीन सामन्यांत त्याची बॅट चालली नव्हती, पण लिलावात त्याच्यासाठी ३ कोटी २० लाख रुपये मोजलेले होते आणि मोठी किंमत दिलेल्या खेळाडूला अधिक संधी मिळतात हा या स्पर्धेचा अलिखित रिवाज आहे.

मग अहमदाबादच्या सामन्यात फिंचच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो हंगामाबाहेर गेला. त्यापाठोपाठ अँडरसनच्या बोटाला फ्रॅक्चर झाले आणि तोही परतला नाही. त्या आठवड्यात मुंबईच्या चाहत्यांना हे संकटावर संकट वाटले, आणि ते स्वाभाविक होते.

फिंचच्या जागी त्रिनिदादचा लेंडल सिमन्स आला. तो संघाला नवा नव्हता; २०१४ मध्ये बदली खेळाडू म्हणून येऊन त्याने शतकही झळकावले होते. चेन्नईविरुद्धच्या त्या चौथ्या सामन्यापासून अंतिम फेरीपर्यंत तो तेरा सामने खेळला आणि ५४० धावा करून संघाचा सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला. अँडरसनची जागा मात्र फलंदाजाने घेतली नाही, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा सांधा येथे आहे. १९ एप्रिलला बंगळूरुच्या सामन्यात त्या जागी न्यूझीलंडचा डावखुरा वेगवान गोलंदाज मिचेल मॅक्लेनाघन खेळला. तो ३० लाख रुपयांत आलेला होता. फलंदाजीतला जो एक हात कमी झाला तो भरून काढण्यासाठी त्याच सामन्यात बडोद्याच्या एकवीस वर्षांच्या हार्दिक पंड्याला पदार्पणाची संधी मिळाली. त्याची लिलावातली किंमत होती १० लाख. म्हणजे परदेशी अष्टपैलूचे काम भारतीय अष्टपैलूकडे गेले आणि त्यामुळे मोकळी झालेली परदेशी जागा पूर्ण वेळच्या गोलंदाजाला मिळाली.

याचा परिणाम एका आकड्यात सांगता येतो. मॅक्लेनाघन येण्यापूर्वी मुंबईने प्रथम फलंदाजी केलेले तिन्ही सामने गमावले होते. तो आल्यानंतर मुंबईने प्रथम फलंदाजी केलेले सातही सामने, अंतिम सामना धरून, जिंकले. २०९, १५७, १८७, १७२, १७१, पुन्हा १८७ आणि शेवटी २०२ या त्या धावसंख्या होत्या. यांतल्या १५७ आणि १७१ या दोन धावसंख्या एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नक्कीच राखता आल्या नसत्या. मॅक्लेनाघनने बारा सामन्यांत १८ बळी घेतले. त्याहून मोलाचे म्हणजे मलिंगाला शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवणे रोहितला शक्य झाले. मलिंगाने त्या हंगामात २४ बळी मिळवले आणि स्पर्धेतील गोलंदाजांत तो दुसरा आला.

कर्णधाराने सोडलेली जागा

अँडरसनची जागा नियतीने रिकामी केली, पण दुसरा बदल विचारपूर्वक केलेला होता. पहिल्याच सामन्यात सलामीला नाबाद ९८ धावा केलेल्या फलंदाजाने ती जागा सोडावी असे क्रिकेटच्या कोणत्याही व्यवहारात बसत नाही. रोहितने ती सोडली. सिमन्स आणि पार्थिव पटेल ही जोडी सलामीला आली, पुढच्या जवळपास सगळ्या सामन्यांत तीच राहिली आणि कर्णधार मधल्या फळीत खाली सरकला. बंगळूरुला सिमन्सने ५९ आणि उन्मुक्त चंदने ५८ धावांचा पाया घातल्यानंतर रोहितने १५ चेंडूंत ४२ धावा केल्या, त्या त्याच्या सलामीच्या ९८ धावांपेक्षा संघाच्या अधिक कामी आल्या. धावसंख्या २०९ पर्यंत गेली, हरभजनने २७ धावांत तीन बळी घेतले आणि मुंबईने १८ धावांनी पहिला विजय मिळवला.

बोरिवलीच्या मैदानांवर घडलेल्या या फलंदाजाच्या बाबतीत हा त्याग मला विशेष वाटतो. मुंबईच्या क्रिकेटमध्ये फलंदाजीचा क्रमांक ही मानाची बाब असते. कांगा लीगमध्ये पावसाळी खेळपट्ट्यांवर वर्षानुवर्षे खेळणाऱ्या साध्या क्लबातसुद्धा सलामीवीराला खाली पाठवले तर घरी जाईपर्यंत तो कोणाशी बोलत नाही. येथे तर राष्ट्रीय संघाच्या एकदिवसीय सामन्यांत सलामीला खेळणारा, द्विशतके केलेला फलंदाज होता.

मुख्य प्रशिक्षक रिकी पॉन्टिंगचा या निर्णयात वाटा किती, हे बाहेरून मोजता येत नाही. परंतु २०१३ च्या हंगामात याच संघाचा कर्णधार असताना, धावा होत नाहीत हे पाहून पॉन्टिंगने स्वतःला संघातून वगळले होते आणि नेतृत्व रोहितकडे आले होते. त्या वर्षी मुंबईने पहिले विजेतेपद मिळवले. संघासाठी स्वतःची जागा सोडण्याचा असा ताजा दाखला ज्या तंबूत आहे, तेथे कर्णधाराला क्रमांक बदलणे थोडे सोपे जात असावे, एवढेच मी म्हणेन.

त्याच तंबूत आणखीही एक आठवण होती. २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेले पहिले पाचही सामने मुंबई हरली होती. तरीही अखेरच्या साखळी सामन्यात वानखेडेवर राजस्थानविरुद्ध १९० धावांचे लक्ष्य पंधरा षटकांच्या आत गाठून, आदित्य तरेच्या षटकाराने तिने बाद फेरी गाठली. त्यामुळे चार पराभवांनंतर बाहेरची गर्दी हताश असली तरी आतल्या खेळाडूंना हा रस्ता ओळखीचा होता. वर सांगितलेले बदल झाल्यावर संघात आणखी उलथापालथ झाली नाही, याचे श्रेय मी या आठवणीला देतो. बंगळूरुच्या विजयानंतर २३ एप्रिलला दिल्लीत ३७ धावांनी पुन्हा पराभव झाला, सहा सामन्यांत दोनच गुण हाती राहिले, तरी सिमन्स, पोलार्ड, मलिंगा आणि मॅक्लेनाघन ही चौकडी कायम ठेवण्यात आली.

विजयांची रुंदी

त्यानंतरच्या दहापैकी नऊ सामने मुंबईने जिंकले. २५ एप्रिलला वानखेडेवर हैदराबादविरुद्ध १५७ धावा राखताना मलिंगाने २३ धावांत चार बळी घेतले. १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, राजस्थानला आठ धावांनी हरवले. संजू सॅमसनच्या ७६ धावांनी त्या रात्री स्टेडियमचा श्वास रोखून धरला होता. दोन दिवसांनी मोहालीत पंजाबवर २३ धावांनी विजय मिळाला. दिल्लीविरुद्ध अंबाती रायुडूच्या नाबाद ४९ धावांनी तीन चेंडू राखून सामना काढला. ८ मे रोजी चेन्नईत, चेन्नईच्याच मैदानावर, हार्दिकने एकोणिसाव्या षटकात पवन नेगीला तीन षटकार मारून सामना फिरवला आणि आठ चेंडूंत नाबाद २१ धावांवर तो परतला. वीस-बावीस दिवसांपूर्वी ज्याचे नाव बडोद्याबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी सकाळी विरारच्या लोकलमध्ये ऐकू येत होते.

मधला एक पराभव सांगितलाच पाहिजे, कारण तो फार मोठा होता. १० मे रोजी वानखेडेवर एबी डिव्हिलियर्सने ५९ चेंडूंत नाबाद १३३ आणि विराट कोहलीने नाबाद ८२ धावा केल्या आणि बंगळूरुची धावसंख्या १ बाद २३५ झाली. मुंबई ३९ धावांनी हरली. गोलंदाजी सुधारली होती, पण अजिंक्य झाली नव्हती.

पुढचा सामना कोलकात्याविरुद्ध. हार्दिकच्या ३१ चेंडूंतील नाबाद ६१ धावांमुळे मुंबईने १७१ धावा केल्या आणि शेवटच्या षटकात कोलकात्याला बारा धावा हव्या होत्या. रोहितने चेंडू पोलार्डच्या हाती दिला. पहिल्याच चेंडूवर अर्धशतक केलेला युसूफ पठाण बाद झाला, षटकात सहाच धावा निघाल्या आणि मुंबई पाच धावांनी जिंकली.

या पाच धावांचे वजन किती होते, हे साखळीच्या अंतिम तक्त्यावरून कळते. चेन्नई १८ गुणांसह पहिली, मग मुंबई, बंगळूरु आणि राजस्थान प्रत्येकी १६, आणि कोलकाता १५ गुणांसह पाचवा. तो सामना उलटा गेला असता तर कोलकाता १७ वर आणि मुंबई १४ वर राहून बाहेर पडली असती. मुंबईची निव्वळ धावगती तर वजा ०.०४३ होती. दुसरे स्थान मिळाले ते आठ विजय असल्यामुळे. बंगळूरु आणि राजस्थानचे विजय सात होते, त्यांचे उरलेले गुण पावसाने वाटून दिलेले होते. धावगती उणे असलेला संघ विजेता होणे याचा अर्थ एवढाच की तो हरला तेव्हा मोठ्या फरकाने हरला आणि जिंकला तेव्हा बहुतेकदा काठावर जिंकला. अशा हंगामात दैवाचा वाटा नाकारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मात्र काठावरचे सामने कोण जिंकतो, हे पुष्कळ अंशी अखेरची चार षटके कोण टाकतो यावर ठरते, आणि मुंबईने नेमकी तीच बाजू सावरलेली होती.

घरच्या मैदानाचे स्पष्टीकरणही येथे टिकत नाही. वानखेडेची लाल मातीची, उसळी देणारी खेळपट्टी आणि प्रेक्षकांचा गजर यांनी संघाला तारले असे आपण मुंबईकर मोठ्या प्रेमाने म्हणतो. साखळीत मुंबईने घरी चार सामने जिंकले आणि तीन गमावले. बाहेरही चार जिंकले आणि तीन गमावले. शेवटच्या साखळी सामन्यात तर जो जिंकेल तो पुढे जाईल अशी परिस्थिती असताना, हैदराबादला त्यांच्याच मैदानावर ११३ धावांत गुंडाळून मुंबईने नऊ गडी राखून विजय मिळवला. मॅक्लेनाघनने त्यात सोळा धावांत तीन बळी घेतले. त्या हंगामातला हा एकमेव निर्विवाद, एकतर्फी साखळी विजय होता.

ईडन गार्डन्स

१९ मे रोजी वानखेडेवर पहिल्या पात्रता सामन्यात मुंबईने चेन्नईला २५ धावांनी हरवले. सिमन्सच्या ६५ धावा आणि पोलार्डच्या सतरा चेंडूंतील ४१ धावा, नंतर मलिंगाचे तीन बळी, असा तो आता ठरीव वाटणारा क्रम होता.

अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनीने नाणेफेक जिंकून मुंबईला फलंदाजी दिली. पहिल्याच षटकात पार्थिव शून्यावर धावबाद झाला आणि रोहितला लगेच मैदानात यावे लागले. महिनाभर मधल्या फळीत खेळलेला कर्णधार त्या संध्याकाळी जवळजवळ सलामीलाच आला. पण समोर या वेळी सिमन्स होता, आणि खाली पोलार्ड, रायुडू, हार्दिक उभे होते. नाबाद ९८ च्या दिवशी त्याला शेवटपर्यंत टिकावे लागले होते, येथे तशी गरज उरली नव्हती. २६ चेंडूंत ५० धावा करून तो बाद झाला. सिमन्सने ४५ चेंडूंत ६८ केल्या, दोघांची भागीदारी ११९ ची झाली, पोलार्ड आणि रायुडूने प्रत्येकी ३६ धावा जोडल्या आणि फलक ५ बाद २०२ वर थांबला. ड्वेन स्मिथच्या ५७ धावांनंतरही चेन्नई ८ बाद १६१ पर्यंतच पोहोचली. मॅक्लेनाघनने २५ धावांत तीन, मलिंगाने तितक्याच धावांत दोन आणि हरभजनने दोन बळी घेतले. ज्या मैदानावर सात आठवड्यांपूर्वी १६८ धावा अपुऱ्या ठरल्या होत्या, तेथेच हे घडले.

पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, याच मांडणीवर संघ उभा राहणार होता. मलिंगा दुखापतीमुळे हंगामालाच मुकला, सिमन्स एक सामना खेळून पाठीच्या दुखापतीमुळे मायदेशी परतला आणि चौदा सामन्यांत सात विजय मिळवून मुंबई पाचव्या स्थानावर राहिली.